‘आसा’ अशुद्ध आहे काय?



पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाने क्रियापदावर लेख का लिहावा, असे तुम्हांला वाटेल. त्याला एक निमित्त घडले. ते आधी सांगतो.

मागे एका शालेय विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीने काचेची दोन भांडी मांडली होती. एकात विहिरीचे पाणी होते, दुसऱ्यात भरपूर मीठ विरघळविलेले पाणी. पहिल्या भांड्यात अंडे तळाशी बसले होते, दुसऱ्यात ते वर तरंगत होते. मी कारण विचारले. मुलगी न अडखळता म्हणाली, “ह्या भांड्यातल्या पाण्याची घनता जास्त आसा. मीठ घातला की पाण्याची घनता जास्तच आसता.”

आजूबाजूची मुले खुदकन हसली. “आसा काय? आहे म्हण!” असे कुणीतरी म्हणाले. मुलगी ओशाळली, आणि पुढच्या प्रश्नांना तिने मान हलवून तेवढी उत्तरे दिली. तिचे शास्त्र अगदी बरोबर होते. गप्प बसण्याची वेळ आली ती एका क्रियापदामुळे.

मला माझी शाळा आठवली. सहावीत ‘आमचे घर’ या निबंधात मी ‘घरामागे माड आसत’ असे लिहिले होते. वही परत आली तेव्हा ‘आसत’भोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते आणि शेजारी एकच शब्द होता, ‘अशुद्ध’. त्या दिवसापासून मी धरून चाललो की ‘आहे’ हा मूळचा चांगला शब्द, आणि आम्हा मालवणी माणसांच्या तोंडात तो बिघडून ‘आसा’ झाला. ही समजूत मी पुष्कळ वर्षे बाळगली. ती तपासून पाहावी असे मात्र कधी मनात आले नाही.

आज आपण ती तपासू. शब्द कुठून आला या प्रश्नालाही विज्ञानाची रीत लावता येते. आधी निरीक्षण करायचे, मग नियम शोधायचा, नियमावरून भाकीत करायचे आणि शेवटी ते पडताळून पाहायचे.

निरीक्षण

प्रथम ‘आसा’ची सगळी रूपे एकत्र मांडू. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, कणकवली या भागांत गावागणिक थोडाफार फरक ऐकू येईल, पण सर्वसाधारण रूपे अशी आहेत.

मी आसय – मी आहे
तू आसस – तू आहेस
तो, ती, तां आसा – तो, ती, ते आहे
आमी आसाव – आम्ही आहो, आहोत
तुमी आसात – तुम्ही आहात
ते आसत – ते आहेत

डावी ओळ वरपासून खालपर्यंत वाचा. ‘आस’ हा भाग सगळीकडे कायम आहे, बदलतो तो शेवट. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, एक की अनेक, हे त्या शेवटावरून कळते. म्हणजे ही रूपे मनाला येतील तशी केलेली नाहीत, त्यांना पक्का साचा आहे. ‘आसस’मधला शेवटचा ‘स’ आणि ‘आहेस’मधला ‘स’ एकच. संस्कृतात ‘तू जातोस’ याला ‘गच्छसि’ म्हणतात, त्यातल्या ‘सि’चाच हा अवशेष.

आता दुसरी गोष्ट पाहा. प्रमाण मराठीतील ‘आहे’ हे रूप भविष्यकाळात घालून बघा. ‘तो उद्या घरी आहेल’ असे कोणी म्हणत नाही, ‘असेल’ म्हणतात. ‘आहणे’, ‘आहून’, ‘आहावा’ असेही शब्द नाहीत. तेथे ‘असणे’, ‘असून’, ‘असावा’ हेच येतात. वर्तमानकाळाच्या एका खोलीत ‘आहे’ राहतो, बाकीच्या सगळ्या घरात ‘अस’ वावरतो. मालवणीत मात्र आज ‘आसा’, नेहमी ‘आसता’, उद्या ‘आसतलो’. एकाच धातूची ही रूपे आहेत.

एवढ्यावरूनच शंका यायला हवी. ‘आसा’ जर ‘आहे’ बिघडून झाला असेल, तर प्रमाण मराठीच्या ‘असणे’, ‘असेल’मधला ‘स’ कोणी बिघडविला?

एक नियम

आता थोडा वेळ ‘आसा’ बाजूला ठेवा आणि पुढच्या जोड्या वाचा. पहिला शब्द हिंदी, दुसरा मराठी.

मछली – मासा
कछुआ – कासव
बछड़ा – वासरू
छुरी – सुरी
छाल – साल
छह – सहा
छोड़ना – सोडणे
पूछना – पुसणे

काय दिसते? हिंदीत जेथे ‘छ’ आहे, तेथे मराठीत ‘स’ आहे. एखाद-दुसऱ्या शब्दात असे झाले असते तर तो योगायोग म्हटला असता. येथे मासा आहे, जनावर आहे, हत्यार आहे, संख्या आहे, क्रियापदेही आहेत. या शब्दांचा एकमेकांशी अर्थाने काही संबंध नाही, तरी बदल तोच. यालाच भाषाशास्त्रात ध्वनिनियम म्हणतात.

या जोड्यांच्या मागे एक जुनी पायरी आहे. संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले आणि ‘वत्स’चे ‘वच्छ’. ‘पृच्छति’चे ‘पुच्छइ’ झाले. उत्तरेकडील भाषांनी हा ‘छ’ राखला, मराठी आणि कोकणी यांनी त्याचा ‘स’ केला. ‘मच्छ’ची मछली झाली, आणि आपल्याकडे मासा.

‘छ’चा ‘स’ का व्हावा? तळहात तोंडासमोर धरून ‘छ’ म्हणा. जीभ क्षणभर टाळूला टेकते, हवा अडते आणि मग घासत एकदम बाहेर पडते. हातावर हवेचा झोत लागतो. आता ‘स’ म्हणा. येथे हवा कोठेच पूर्ण अडत नाही. जीभ आणि दात यांच्याजवळच्या अरुंद फटीतून ती घासत राहते, म्हणून ‘स्स्स’ हा आवाज श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. ‘छ’ तसा लांबवता येणार नाही. ‘छ’मधले अडणे गेले आणि घासणे तेवढे उरले, की ‘स’च्या जातीचा वर्ण मिळतो. मोठ्यांच्या उच्चारातले ते अडणे थोडे सैल होते, मुले तोच सैल उच्चार शिकतात, आणि काही पिढ्यांत सगळ्या समाजाचा उच्चार बदलतो. यात आळस नाही की अडाणीपणा नाही. हवा, जीभ आणि सवय यांचा हा व्यवहार आहे.

तुम्ही लगेच विचाराल, “मग छाया, इच्छा, छत्री यांचे काय? त्यांत ‘छ’ तसाच आहे.” प्रश्न योग्य आहे. असे शब्द मराठीत मागाहून आले, संस्कृतातून सरळ उचललेले किंवा शेजारच्या भाषांतून घेतलेले. बदल घडून गेल्यावर आलेल्या शब्दाला तो बदल कसा लागू होईल? ‘छाया’ संस्कृतातून उचलली, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी आलेला तिचा घरचा अवतार पाहा, तो आहे ‘सावली’. त्यात ‘स’ आहेच.

भाकीत आणि पडताळा

नियम हाती आला की भाकीत करता येते. मराठी-मालवणीतले ‘असे’, ‘आसा’ हे जर याच वाटेने आले असतील, तर उत्तरेकडच्या भाषांत ‘आहे’ या अर्थाचा ‘छ’ असलेला शब्द सापडला पाहिजे. सापडतो का?

चला, शोधू. गुजरातीत ‘आहे’ला ‘छे’ म्हणतात. नेपाळीत ‘छ’. काश्मिरीत ‘छु’. मिथिलेच्या मैथिलीत ‘अछि’. ओडियात ‘अछि’. बंगालीत ‘आछे’. आपल्या खानदेशात, गुजरातच्या कडेला, अहिराणी बोलणारे ‘शे’ म्हणतात. काश्मीरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत एकच शब्द पसरलेला आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर तोच ‘आसा’ म्हणून उभा आहे. गोव्याच्या कोकणीतही तो ‘आसा’च आहे.

याहून सुंदर पडताळा आसामात मिळतो. असमिया लिपीत हा शब्द बंगालीसारखाच ‘छ’ने लिहितात, पण तेथील लोकांनीही पुढे ‘छ’चा उच्चार ‘स’ केला. म्हणून लिहिताना ‘आछे’ आणि बोलताना ‘आसे’! आणि मासळीला? लिहिताना ‘माछ’, बोलताना ‘मास’. आसाम आणि मालवण यांच्यामध्ये सबंध देश आडवा आहे. एकाने दुसऱ्याचे ऐकून हा बदल केलेला नाही. सारख्या परिस्थितीत सारखा बदल दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडला. प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत करूनही उत्तर तेच आले, की आपण विश्वास ठेवतो. येथे तसेच झाले आहे.

प्राकृतातले जुने रूप आहे ‘अच्छइ’, आणि पाली भाषेत ‘अच्छति’. पालीत त्याचा अर्थ ‘बसतो, राहतो’ असा आहे. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी प्राकृताचे मोठे व्याकरण लिहिले. त्यांनी ‘अच्छइ’ हे संस्कृत ‘आस्’ धातूचे रूप मानले. ‘आस्’ म्हणजे बसणे. ‘आसन’ हा शब्द त्याच धातूचा. आधुनिक अभ्यासकांत मात्र या शेवटच्या पायरीविषयी मतभेद आहेत. कोणी ‘आस्’ धरतात, कोणी ‘अस्’ म्हणजे असणे, तर कोणी ‘आ’ उपसर्ग लागलेला ‘क्षि’ म्हणजे वस्ती करणे. पण ‘अच्छइ’पासून खालची साखळी, म्हणजे बंगाली ‘आछे’, गुजराती ‘छे’, मराठी ‘असे’ आणि मालवणी ‘आसा’, या सर्वांना मान्य आहे.

मग ‘आहे’ कोठला?

‘आहे’लाही त्याचे कूळ आहे. हिंदीचा ‘है’ त्याचा भाऊबंद. त्याहून जवळचा नातेवाईक सिंधीत आहे. तेथे ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात! १९४७नंतर उल्हासनगरला येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांना मराठी शिकताना हा एक शब्द तरी फुकट मिळाला असेल. हे कूळ संस्कृत ‘अस्’ धातूकडे नेतात, आणि त्यातला ‘ह’ हा जुन्या ‘स’चा झालेला आहे असे मानतात. ‘स’मधले जिभेचे घासणेही सुटले की नुसता श्वास उरतो, तोच ‘ह’. ‘दश’चा ‘दहा’ झाला तो याच रीतीने.

आता तुम्ही म्हणाल, “मग ‘आसा’च्या ‘स’चा ‘ह’ होऊन ‘आहे’ झाला, असे का म्हणू नये?” म्हणून पाहू. ‘आसा’तला ‘स’ आणि ‘मासा’तला ‘स’ दोन्ही ‘च्छ’पासून आलेले. ‘च्छ’पासून आलेल्या ‘स’चा मराठीत ‘ह’ होत असता, तर आपण मासा न खाता ‘माहा’ खाल्ला असता, आणि वासराला ‘वाहरू’ म्हटले असते. तसे झालेले नाही. म्हणजे ‘आहे’ ‘आसा’पासून निघाला नाही, आणि ‘आसा’ही ‘आहे’पासून निघाला नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीच्या जुन्या घरात ते शेजारी शेजारी राहत होते.

याला लेखी पुरावाही आहे. १२९०च्या ज्ञानेश्वरीत ‘आहे’ आढळतो आणि ‘असे’ही आढळतो. शिवाय ‘आथि’ असे तिसरेच एक रूप भेटते. ते संस्कृत ‘अस्ति’, प्राकृत ‘अत्थि’ यांचे सरळ नातवंड. ‘आथि’ पुढे लोपले. ‘असे’ मोडी कागदपत्रांत ‘केले असे’, ‘दिले असे’ म्हणून शतकानुशतके लिहिले गेले. देशावरच्या बोलण्यात वर्तमानकाळापुरता ‘आहे’ पुढे आला. कोकणच्या या टोकाला ‘असे’च्या कुळातला ‘आसा’ टिकला. त्याला बिघडलेला म्हणायचे असेल, तर ज्ञानेश्वरीतल्या ‘असे’लाही बिघडलेला म्हणावे लागेल.

‘आसा’ आणि ‘आसता’

आता त्या मुलीच्या दोन वाक्यांकडे परत जाऊ. पहिल्या वाक्यात ती ‘आसा’ म्हणाली, दुसऱ्यात ‘आसता’. हा फरक तुमच्या लक्षात आला होता का?

प्रमाण मराठीत तो ‘आहे’ आणि ‘असते’ असा आहे. ‘हा चहा गोड आहे’ म्हणजे माझ्या हातातल्या कपातला चहा. ‘चहा गोड असतो’ म्हणजे चहा ही वस्तूच सहसा गोड. ‘आज समुद्र खवळलेला आहे’ हे मी आत्ता दांड्यावर उभा राहून पाहतो आहे. ‘आषाढात समुद्र खवळलेला असतो’ हे पुष्कळ आषाढ पाहून सांगतो आहे. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी बहुधा ‘इज’ हे एकच क्रियापद येते. मराठी, कोकणी, मालवणी यांत मात्र व्याकरणच आपल्याला विचारते, “तू हे एकदा पाहिलेस की नेहमी असेच असते?”

प्रयोगशाळेत यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही. तापमापकावर दिसलेला आकडा हे निरीक्षण, त्याला ‘आहे’ लावायचा. पुष्कळ निरीक्षणांतून निघालेला नियम, त्याला ‘असते’. विद्यार्थी बऱ्याच वेळा एका निरीक्षणावरून घाईने ‘असते’ लिहितात आणि तेथेच फसतात.

मुलीने काय केले? समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून ती ‘घनता जास्त आसा’ म्हणाली. ते निरीक्षण होते. मग नियम सांगताना तिने क्रियापद बदलले, ‘जास्तच आसता’. निरीक्षण कोठे संपते आणि नियम कोठे सुरू होतो, हे तिच्या बोलीने तिला बिनचूक सांगायला लावले. हसणाऱ्यांच्या सल्ल्याप्रमाणे तिने दोन्हीकडे ‘आहे’ म्हटले असते, तर उत्तर शास्त्राच्या दृष्टीने उलट ढिले झाले असते.

‘होता’, ‘नाय’ आणि ‘न्हय’

भूतकाळात मात्र दोघेही तिसऱ्या धातूकडे जातात. संस्कृत ‘भू’ म्हणजे होणे. ‘भवति’चे प्राकृतात ‘होइ’ झाले. त्यातून आपला ‘होय’ आला. आपण होकार देताना वापरतो तो ‘होय’ मुळात क्रियापद आहे! ‘भ’मधला ओठांचा स्पर्श गेला आणि ‘ह’ राहिला. ‘दधि’चे ‘दही’, ‘गभीर’चे ‘गहिरा’ झाले ते अशाच रीतीने.

येथे एक गंमत पाहा. ‘तो आसा, ती आसा’ यात लिंगाप्रमाणे काही बदलत नाही, पण भूतकाळात ‘तो होतो, ती होती’ असे बदलते. प्रमाण मराठीतही ‘तो आहे, ती आहे’, पण ‘तो होता, ती होती’. असे का? ‘आसा’ आणि ‘आहे’ ही पूर्वीपासून अस्सल क्रियापदे आहेत, आणि क्रियापदाला मुळात लिंग नव्हते. ‘होता’ हे मात्र मूळचे धातूपासून केलेले विशेषण, ‘होत असलेला’ अशा अर्थाचे. विशेषण ‘काळा, काळी, काळे’ असे बदलते, म्हणून ‘होता, होती, होते’ही बदलतात. मालवणीत पुल्लिंगी शब्दाचा शेवट ‘ओ’ने होतो, जसे घोडो, बांगडो. म्हणून ‘तो होतो’. परगावच्या माणसाला ते ऐकून हसू येते, कारण त्याच्याकडे ‘होतो’ हे ‘मी’चे रूप. चूक कोणाचीच नाही.

नकाराची दोन रूपे तर फारच मोलाची आहेत. टोपलीत मासळी नसेल तर ‘टोपलेत बांगडो नाय’ म्हणतात. पण कोणी तारली दाखवून बांगडा म्हटले, तर जुनी माणसे म्हणतील, ‘हो बांगडो न्हय’. पहिला नकार ‘आहे की नाही’ याचा, दुसरा ‘हे तेच की दुसरे’ याचा. प्रमाण मराठीत हेच ‘नाही’ आणि ‘नव्हे’. गोव्याच्या कोकणीत ‘तो घरांत ना’, पण ‘तो शिक्षक न्हय’. हल्ली पुष्कळ जण दोन्हीकडे ‘नाही’ किंवा ‘नाय’ वापरतात. पण ‘नव्हे’ आणि ‘न्हय’ यांनी राखलेला फरक तर्कशास्त्रात अजून शिकवावा लागतो.

दूरच्या एका भाषेत

युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड हे बेट आहे. तेथली जुनी भाषा आयरिश. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजीप्रमाणे तीही इंडो-युरोपीय कुळातली. त्या भाषेत ‘आहे’साठी दोन शब्द आहेत, ‘ता’ आणि ‘इस’. मासा टोपलीत आहे, हे ‘ता’ने सांगतात. हा प्राणी मासा आहे, हे ‘इस’ने. म्हणजे आपल्या ‘नाय’ आणि ‘न्हय’ यांच्यामध्ये जी रेघ आहे, जवळजवळ तीच! ‘इस’ हा संस्कृत ‘अस्ति’चा सगोत्र. ‘ता’ मात्र ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. संस्कृत ‘स्था’ त्याच धातूचा.

आयरिश भाषेत ‘होय’ आणि ‘नाही’ यांना नेमके शब्द नाहीत. प्रश्नातल्या क्रियापदानेच उत्तर द्यायचे. आपल्या बाजारात काय होते? “बांगडे आसत?” “आसत.” ‘माझ्याजवळ असणे’ यालाही आयरिशमध्ये इंग्रजीसारखे वेगळे क्रियापद नाही. ‘पुस्तक माझ्यापाशी आहे’ असेच म्हणतात. आपलीही हीच रीत.

असणे ही कल्पना तशी हवेसारखी, हाताला न लागणारी. म्हणून भाषांनी तिच्यासाठी शरीराच्या साध्या कृतींचे शब्द घेतले. आयरिश ‘ता’ मुळात उभा आहे. स्पॅनिश ‘एस्तार’ही ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झाला. हिंदीचा ‘था’ संस्कृत ‘स्थित’पासून आलेला मानतात. पाली ‘अच्छति’ बसलेला आहे. इंग्रजीचा ‘वॉज’ हा संस्कृत ‘वसति’चा, म्हणजे ‘राहतो’चा सगोत्र. ‘इज’ हा ‘अस्ति’चा आणि ‘बी’ हा ‘भू’चा. म्हणजे इंग्रजीचे हे एक क्रियापदही तीन धातूंच्या तुकड्यांनी जोडलेले आहे. सर्वांत जास्त वापरले जाणारे क्रियापद असे वेडेवाकडे का असते? कारण ते रोज शेकडो वेळा कानावर पडते. मूल नियम समजण्याआधीच त्याची रूपे जशीच्या तशी उचलते. क्वचित लागणारा शब्द मात्र विसरतो, आणि मग नियमाने नवीन घडविला जातो.

मग परीक्षेत काय लिहावे?

परीक्षेत ‘आहे’ लिहावे. याचे कारणही नीट समजून घ्या. होडीवरचा माणूस पाण्याची खोली वावेत सांगतो. दोन्ही हात पसरले की एक वाव, सुमारे सहा फूट. वहीत मात्र तुम्ही मीटर लिहिता. त्यामुळे वाव खोटी ठरत नाही. नागपूरच्या आणि मालवणच्या माणसाला एकच आकडा एकाच अर्थाने कळावा, म्हणून आपण सर्वांनी मीटर ठरवून घेतला आहे. प्रमाण भाषा ही अशीच ठरवून घेतलेली सोय आहे, आणि ती चांगली यायलाच हवी. पण ‘येथे प्रमाण भाषेत लिही’ असे सांगणे निराळे आणि ‘तुझा शब्द अशुद्ध’ असे सांगणे निराळे. पहिल्याने मूल आणखी एक भाषा शिकते. दुसऱ्याने ते गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या मुलाकडून विज्ञानाला काही मिळत नाही.

माझ्या वहीतल्या तांबड्या वर्तुळाबद्दल आता राग नाही. गुरुजींनाही कोणी हे सांगितले नसेल. पण त्या मुलीला त्या दिवशी हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले, याची रुखरुख आहे. मी नुसते गुण मांडून पुढे गेलो. हा लेख तिच्या हाती पडला तर बरे होईल. तुमच्यापैकी कोणी वर्गात असे हसू ऐकले, तर निदान मासा आणि मछली यांची गोष्ट तरी सांगा.

करून पाहा

१. हिंदीत ‘छ’ आणि मराठीत ‘स’ असलेल्या आणखी जोड्या शोधा. सुरुवातीला ‘छिलका’, ‘छाँव’ आणि ‘छानना’ घेऊन बघा. प्रत्येक जोडीत नियम लागू पडेलच असे नाही. जेथे पडत नाही, तेथे का पडत नाही याचा विचार करा.

२. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला ‘नाय’ आणि ‘न्हय’ कोठे वापरावे ते विचारा. त्यांची दहा वाक्ये लिहून घ्या. मग तीच वाक्ये तुमच्या मित्रांना म्हणायला सांगा आणि फरक नोंदवा.

३. ‘पाणी गरम होते.’ या वाक्याचे दोन अर्थ आहेत. ते सांगा, आणि एकाच रूपाला दोन अर्थ का आले ते वर वाचलेल्या ‘होता’च्या उगमावरून ठरवा.

४. तुमच्या विज्ञानाच्या वहीतील एक पान घ्या. प्रत्येक ‘आहे’ आणि ‘असते’ यांखाली रेघ मारा. ‘असते’ लिहिलेल्या ठिकाणी तुमच्यापाशी खरोखर नियम आसा, की एकच निरीक्षण आसा?